कोणत्या कीवर्डमुळे विक्री झाली? सशुल्क शोध-जाहिरातींचा हिशेब

या पाठात आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधणार आहोत. एखादा दुकानदार गूगलवर जाहिरात देतो. महिन्याला काही हजार रुपये जातात आणि काही ऑर्डर येतात. त्यातला कोणता रुपया कामी आला आणि कोणता वाया गेला, हे त्याने कसे ओळखायचे?

जाहिरातीच्या खात्यात आकड्यांची कमतरता नसते. किती वेळा जाहिरात दिसली, किती क्लिक झाले, किती खर्च झाला, सगळे तिथे असते. पण क्लिक विकणारी कंपनी आणि क्लिकचा हिशेब दाखवणारी कंपनी एकच आहे, हे विसरू नका. दुकानदाराचा नफा त्या खात्यात आपोआप दिसत नाही. तो आपल्याला जोडावा लागतो. हा पाठ त्या जोडणीबद्दल आहे.

पाठाची उद्दिष्टे

हा पाठ वाचल्यावर तुम्हाला पुढील गोष्टी सांगता आल्या पाहिजेत:

- कीवर्ड आणि प्रत्यक्ष शोध यांतला फरक
- क्लिकपासून विक्रीपर्यंतची माहिती कशी जोडली जाते
- क्लिक, ऑर्डर, पोहोचलेला माल आणि खरी जादा विक्री या चार मोजमापांनी निर्णय कसे बदलतात
- थोड्या क्लिकवरून निष्कर्ष काढताना कोणती काळजी घ्यावी

१. कीवर्ड वेगळा, शोध वेगळा

शोधाच्या शब्दावर बोली लावून जाहिरात दाखवायची आणि क्लिक झाला तरच पैसे घ्यायचे, ही पद्धत १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉम या कंपनीने बाजारात आणली. पुढे तिचे नाव ओव्हर्चर झाले आणि २००३ मध्ये याहूने ती विकत घेतली. गूगलने अ‍ॅडवर्ड्स ही सेवा २००० मध्ये सुरू केली आणि २००२ मध्ये क्लिकमागे पैसे घेणारी लिलाव-पद्धत तिच्यात आणली. २०१८ पासून तिचे नाव गूगल अ‍ॅड्स आहे.

यात दोन शब्द नीट वेगळे ठेवा. जाहिरातदार ज्यावर बोली लावतो तो कीवर्ड. वापरकर्ता शोधपट्टीत जे टाइप करतो ते शोधवाक्य. दोन्ही जुळवण्याचे तीन प्रकार आहेत: ब्रॉड, फ्रेझ आणि एक्झॅक्ट. ब्रॉडमध्ये संबंधित अर्थाचा कोणताही शोध चालतो, फ्रेझमध्ये कीवर्डचा अर्थ शोधात असावा लागतो, आणि एक्झॅक्टमध्ये शोधाचा अर्थ तोच असावा लागतो. एक्झॅक्ट म्हटले तरी अक्षर न् अक्षर सारखे असण्याची अट आता राहिलेली नाही, हे लक्षात ठेवा.

आपल्या देशात हा फरक आणखी मोठा होतो. 'सोलापुरी चादर' हे दोनच शब्द घ्या. कोणी ते देवनागरीत लिहितो, कोणी रोमन लिपीत. रोमनमध्ये कोणी चादर एका डीने लिहितो, कोणी दोन. कोणी 'शोलापुरी' लिहितो. कोणी पुढे 'प्राइस', कोणी 'किंमत', तर कोणी 'दाम' जोडतो. कीवर्ड एक आणि त्यामागे शोधवाक्ये पन्नास, अशी स्थिती असते. त्यातले 'चादर धुण्याची पद्धत' असे शोध खरेदीचे नसतात, पण क्लिकचे पैसे मात्र कापले जातात.

म्हणून हिशेबाची पहिली पायरी म्हणजे खात्यातला शोधवाक्यांचा अहवाल उघडणे. निरुपयोगी शोध दिसले की त्यांतले 'धुण्याची' यासारखे शब्द नकारात्मक कीवर्डांच्या यादीत टाकायचे. या अहवालाला एक मर्यादा आहे. सप्टेंबर २०२० पासून गूगल त्यात पुरेशा लोकांनी केलेले शोधच दाखवते. त्यामुळे अहवालातल्या खर्चाची बेरीज एकूण खर्चापेक्षा कमी भरते. ही तफावत किती आहे, ते दर महिन्याला लिहून ठेवा.

२. क्लिकपासून विक्रीपर्यंतचा धागा

आता मुख्य यंत्रणा पाहू. ग्राहकाने जाहिरातीवर क्लिक केले की तो दुकानाच्या पानावर येतो. खरेदी कदाचित दहा मिनिटांनी होईल, कदाचित आठवड्याने. या दोन घटना एकाच माणसाच्या आहेत हे कसे कळणार? त्यासाठी क्लिकला एक ओळखक्रमांक देऊन तो विक्रीपर्यंत सांभाळून न्यावा लागतो.

हे काम पाच टप्प्यांत होते.

१) स्वयं-टॅगिंग चालू असेल तर क्लिक होताच गूगल पानाच्या पत्त्याच्या शेवटी जीसीएलआयडी नावाचा क्रमांक जोडते. प्रत्येक क्लिकचा क्रमांक वेगळा असतो. कोणता कीवर्ड, कोणती जाहिरात, केव्हाचा क्लिक, हे सर्व गूगलकडे त्या क्रमांकाखाली नोंदलेले असते.

२) पान उघडल्यावर त्यातला कोड हा क्रमांक वाचतो आणि कुकीत साठवतो.

३) ऑर्डर पूर्ण झाल्यावर 'धन्यवाद' पानावरचा कोड ऑर्डर क्रमांक, रक्कम आणि कुकीतला क्लिक क्रमांक एकत्र पाठवतो. ऑर्डर क्रमांक पाठवणे आवश्यक आहे. नाहीतर ग्राहकाने पान पुन्हा उघडले की तीच विक्री दोनदा मोजली जाते.

४) दुकानाने हाच क्लिक क्रमांक आपल्या ऑर्डरच्या डेटाबेसमध्येही साठवावा. हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पुढचा सगळा हिशेब नेमका त्यावरच अवलंबून असतो.

५) फोनवर किंवा दुकानात झालेली विक्री नंतर क्लिक क्रमांकासह खात्यात चढवता येते. क्लिकनंतर ९० दिवसांच्या आत ती चढवावी लागते.

गूगलवर अवलंबून न राहता स्वतःची नोंद ठेवायची असेल तर यूटीएम पद्धत आहे. यूटीएममधला पहिला शब्द अर्चिन. या कंपनीला गूगलने २००५ मध्ये विकत घेतले आणि त्यातून गूगल अ‍ॅनालिटिक्स आले. या पद्धतीत पत्त्याच्या शेवटी स्रोत, मोहीम आणि कीवर्ड अशी नावे आपण स्वतः जोडतो. कीवर्डच्या जागी महिरपी कंसातला ठरावीक शब्द टाकला की क्लिकच्या वेळी तिथे खरा कीवर्ड भरला जातो.

आपल्याकडे पुष्कळ छोटे विक्रेते ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर घेतात. तिथे 'धन्यवाद' पान नसते. अशा वेळी बटणाच्या दुव्यात तयार संदेश ठेवता येतो आणि त्या संदेशात एक छोटा सांकेतिक क्रमांक टाकता येतो. तो क्रमांक कोणत्या क्लिकचा, याची नोंद संकेतस्थळाकडे राहते.

हा धागा कुठे कुठे तुटतो तेही पाहा. ग्राहक मोबाइलवर पाहतो आणि लॅपटॉपवर घेतो. तो कुकी नाकारतो. सफारी ब्राउझरने २०१९ पासून जावास्क्रिप्टने लिहिलेल्या कुकीचे आयुष्य सात दिवसांवर आणले आहे. पान दुसऱ्या पत्त्यावर वळवताना पत्त्याचा शेवटचा भाग गळून पडतो. शेवटचा दोष सर्वांत साधा आहे. स्वतःच्या जाहिरातीवर एकदा क्लिक करून, उघडलेल्या पानाच्या पत्त्यात क्लिक क्रमांक टिकला आहे का ते पाहिले की तो सापडतो.

एक पथ्य पाळा. ग्राहकाचे नाव किंवा फोन नंबर पत्त्याच्या शेवटी कधीही जोडू नका. हे पत्ते अनेक ठिकाणी साठवले जातात. भारतात २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आहे. ग्राहकाची माहिती कशासाठी घेतो हे सांगणे आणि त्याची संमती घेणे हा आपल्या यंत्रणेच्या रचनेचाच भाग समजा.

३. उदाहरण: एक चादरविक्रेता

आता समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, सोलापूरचा एक विक्रेता ऑनलाइन चादरी विकतो. जाहिरातीचा खर्च सोडून प्रत्येक चादरीमागे त्याला ३०० रुपये सुटतात. पार्सल परत आले तर जाण्यायेण्याचे १५० रुपये अंगावर पडतात. एका महिन्याचे आकडे असे आहेत:

| कीवर्ड | क्लिक | खर्च (₹) | ऑर्डर | पोहोचल्या | परत आल्या |
|---|---|---|---|---|---|
| क) सोलापुरी चादर ऑनलाइन | ४०० | ३,२०० | २० | १७ | ३ |
| ख) चादर | १,००० | ५,००० | १२ | १० | २ |
| ग) डबल बेड चादर स्वस्त | ३०० | ३,००० | १८ | ९ | ९ |
| घ) दुकानाचे स्वतःचे नाव | २०० | ४०० | ३० | २९ | १ |

क्लिक मोजले तर ख सर्वांत पुढे आहे. एका क्लिकला पाचच रुपये पडले आणि हजार माणसे आली. केवळ क्लिक पाहणारा विक्रेता यावरच पैसे वाढवेल.

ऑर्डर मोजल्या तर चित्र बदलते. प्रत्येक ऑर्डरचे ३०० रुपये धरून त्यातून खर्च वजा केला तर क ला २,८०० चा फायदा, ख ला १,४०० चा तोटा, ग ला २,४०० चा फायदा आणि घ ला ८,६०० चा फायदा दिसतो. एकूण फायदा १२,४०० रुपये.

४. ऑर्डर म्हणजे विक्री नव्हे

कॅश ऑन डिलिव्हरीमध्ये ऑर्डर नोंदवताना ग्राहकाचा एक रुपयाही अडकलेला नसतो. पार्सल दारात गेल्यावर तो नाही म्हणू शकतो. जाहिरातीच्या खात्यात मात्र ती 'विक्री' म्हणून आधीच नोंदलेली असते.

पोहोचलेल्या आणि परत आलेल्या चादरी धरून पुन्हा हिशेब करू. क: १७ × ३०० मधून परतीचे ४५० आणि जाहिरातीचे ३,२०० वजा, म्हणजे १,४५० चा फायदा. ख: २,३०० चा तोटा. ग: ९ × ३०० मधून १,३५० आणि ३,००० वजा, म्हणजे १,६५० चा तोटा. घ: ८,१५० चा फायदा. एकूण फायदा ५,६५० वर आला.

ग कडे पाहा. दोन हजार चारशेचा फायदा दिसत होता, तो तोट्यात गेला. स्वयंचलित बोली चालू असेल तर धोका वाढतो. बोली ठरवणाऱ्या संगणकाला ऑर्डर दिसते, परत आलेले पार्सल दिसत नाही. तो गवर आणखी पैसे ओतत राहतो. यावर उपाय म्हणजे ऑर्डर क्रमांकाच्या आधारे परत आलेल्या ऑर्डर खात्यातून रद्द करणे. गूगल अ‍ॅड्समध्ये तशी सोय आहे. दुसऱ्या विभागातला चौथा टप्पा का महत्त्वाचा, ते आता लक्षात येईल.

वेळेचाही घोटाळा होतो. गूगल अ‍ॅड्सच्या नेहमीच्या अहवालात विक्री क्लिकच्या तारखेला नोंदली जाते, खरेदीच्या तारखेला नाही. त्यामुळे मागच्या तीन-चार दिवसांचे आकडे नेहमी कमी दिसतात आणि नंतर भरत जातात. कालचा अहवाल पाहून आज कीवर्ड बंद करू नका.

५. श्रेय कोणाला द्यायचे?

एक ग्राहक सोमवारी 'चादर' असे शोधतो, जाहिरातीवरून दुकान पाहतो आणि निघून जातो. गुरुवारी त्याला दुकानाचे नाव आठवते. तो ते नाव शोधतो, पुन्हा जाहिरातीवर क्लिक करतो आणि चादर घेतो. ही विक्री ख ची की घ ची?

शेवटच्या क्लिकचा नियम सगळे श्रेय घ ला देतो. पूर्वी गूगल अ‍ॅड्समध्ये पहिल्या क्लिकला किंवा सर्व क्लिकना समान श्रेय देणारे नियमही होते. २०२३ मध्ये ते काढले गेले. आता शेवटचा क्लिक आणि डेटावर आधारित वाटप असे दोनच पर्याय उरले आहेत. दुसऱ्यात गूगलची प्रणाली स्वतः श्रेय वाटते, पण तिचे गणित बाहेरून तपासता येत नाही.

आपल्या उदाहरणात ख चा तोटा २,३०० आहे. घ मधून पोहोचलेल्या २९ चादरींपैकी ८ चादरींचे ग्राहक आधी ख वरून आले असतील, तर त्यांचे २,४०० रुपये ख च्या नावे धरल्यावर ख तोट्यात राहत नाही. म्हणून ख बंद करण्याआधी आपल्या डेटाबेसमध्ये त्या ग्राहकांचा पहिला क्लिक कोणता होता ते पाहायला हवे. ही नोंद नसेल तर निर्णय अंदाजाने होतो.

६. जाहिरात नसती तर?

आता घ कडे वळू. जो माणूस दुकानाचे नावच शोधतो आहे, तो जाहिरात नसती तरी खालच्या मोफत दुव्यावरून आला नसता का?

हा प्रश्न ईबे या कंपनीने प्रयोगाने तपासला. थॉमस ब्लेक, क्रिस नोस्को आणि स्टीव्हन टॅडेलिस यांनी केलेला हा अभ्यास २०१५ मध्ये 'इकॉनोमेट्रिका' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. मार्च २०१२ मध्ये ईबेने आपले नाव असलेल्या कीवर्डांच्या जाहिराती याहू आणि मायक्रोसॉफ्टच्या शोधयंत्रांवर बंद केल्या आणि गूगलवर चालू ठेवल्या. बंद केलेल्या जाहिरातींवर जे क्लिक आले असते, त्यांपैकी ९९.५ टक्के मोफत दुव्यांवरून आले. म्हणजे त्या क्लिकचे पैसे जवळजवळ विनाकारण जात होते.

पुढे त्यांनी नाव नसलेल्या, सर्वसाधारण कीवर्डांची तपासणी केली. अमेरिकेच्या काही भागांत गूगलवरच्या त्या जाहिराती बंद ठेवल्या आणि उरलेल्या भागांशी विक्रीची तुलना केली. सरासरी परिणाम अगदी थोडा निघाला. नव्या आणि क्वचित येणाऱ्या ग्राहकांवर मात्र जाहिरातीचा परिणाम दिसला. खर्चाचा मोठा भाग नेहमीच्या ग्राहकांच्या क्लिकवर जात होता आणि ते तसेही येणारच होते.

हा निष्कर्ष जसाच्या तसा आपल्या चादरविक्रेत्याला लावू नका. ईबे सर्वांना माहीत असलेले नाव आहे. छोट्या दुकानाच्या नावावर प्रतिस्पर्धी बोली लावत असेल, तर जाहिरात बंद केल्यावर ग्राहक तिकडे जाऊ शकतो. पण पद्धत नक्की उचला: काही जिल्ह्यांत जाहिरात बंद, काहींत चालू, आणि दोन्हीकडच्या एकूण विक्रीची आधीच्या महिन्याशी तुलना. घ चे सगळे ग्राहक तसेही आले असते असे निघाले, तर घ चा हिशेब ८,१५० फायदा नसून ४०० रुपये तोटा असा होतो. मग चारही कीवर्डांची बेरीज २,९०० रुपये तोट्यात जाते. महिना तोच, आकडे तेच. आपण काय मोजले त्यानुसार १२,४०० चा फायदा आणि २,९०० चा तोटा अशी दोन उत्तरे आली.

७. थोड्या क्लिकवरून निष्कर्ष

खात्यात असे पुष्कळ कीवर्ड असतात ज्यांवर २०-२५ क्लिक येतात आणि विक्री शून्य असते. ते बंद करावेत का?

समजा, एक क्लिक ९ रुपयांना पडतो आणि विक्रीमागे ३०० रुपये सुटतात. ना नफा ना तोटा होण्यासाठी दर ९ ÷ ३०० = ०.०३, म्हणजे शंभर क्लिकमागे ३ विक्री हवी. कीवर्ड खरोखर ३ टक्क्यांचा असेल तरी २५ क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता ०.९७ चा २५ वा घात, म्हणजे सुमारे ०.४७ आहे. जवळजवळ नाणेफेकच. एवढ्यावर कीवर्डला दोष देता येत नाही.

संख्याशास्त्रात यासाठी तीनाचा नियम आहे. विक्रीचा खरा दर p असेल आणि n क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता ५ टक्क्यांवर आणायची असेल, तर n साधारण ३ ÷ p लागतो. इथे ३ ÷ ०.०३ = १०० क्लिक. त्यांचा खर्च ९०० रुपये, म्हणजे बरोबर ३०० च्या तिप्पट. हा योगायोग नाही. p = क्लिकची किंमत ÷ नफा असल्यामुळे n क्लिकचा खर्च नेहमी नफ्याच्या तिप्पट येतो. म्हणून लक्षात ठेवायला सोपा नियम असा: एकही विक्री न होता कीवर्डवरचा खर्च एका विक्रीच्या नफ्याच्या तिप्पट झाला, की तो बंद करण्यास सबळ कारण आहे. त्याआधी नाही.

हाच नियम खर्च भरून काढणाऱ्या वीस कीवर्डांना लावला, तर त्यांतला सरासरी एक चांगला कीवर्डही बंद होईल. म्हणून एकसारख्या अर्थाचे छोटे कीवर्ड एकत्र करून त्यांचा एकत्रित हिशेब करणे अधिक चांगले.

सारांश

कीवर्डचा हिशेब म्हणजे एक साखळी आहे. शोधवाक्य, कीवर्ड, क्लिक, ऑर्डर, पोहोचलेला माल आणि शेवटी जाहिरातीमुळेच झालेली जादा विक्री, अशा तिच्या कड्या आहेत. जाहिरातीचे खाते पहिल्या चार कड्या स्वतःहून दाखवते. शेवटच्या दोन विक्रेत्याच्या डेटाबेसमधून आणि प्रयोगातून मिळतात. उद्या तुम्ही एखाद्या कंपनीत डॅशबोर्ड तयार कराल, तेव्हा त्यातला 'विक्री' हा आकडा कोणत्या कडीवरचा आहे ते त्याच्या शेजारी लिहा. तो आकडा वाचून कोणीतरी स्वतःच्या खिशातले पैसे लावणार असतो.

स्वाध्याय

१) एका क्लिकला १२ रुपये पडतात आणि विक्रीमागे ४८० रुपये सुटतात. एकही विक्री नसताना किती क्लिकनंतर कीवर्ड बंद करावा? (उत्तर: १२० क्लिक, खर्च १,४४० रुपये)

२) वरच्या तक्त्यात ग वरची कॅश ऑन डिलिव्हरी बंद केली. ऑर्डर १८ वरून ११ वर आल्या, पण सर्व पोहोचल्या. जाहिरातीचा खर्च तोच धरून फायदा-तोटा काढा. (उत्तर: ३०० रुपये फायदा)

३) ऑर्डरच्या डेटाबेससाठी तक्ता आखा. त्यात पहिला क्लिक, शेवटचा क्लिक, ऑर्डर क्रमांक आणि माल पोहोचल्याची स्थिती यांच्या नोंदी असाव्यात.

४) तुमच्या राज्यातल्या एखाद्या प्रसिद्ध वस्तूचे नाव घ्या. लोक ते किती लिप्यांत आणि किती प्रकारे लिहून शोधतील, याची यादी करा. त्यांतले खरेदीचे शोध कोणते आणि नकारात्मक यादीत टाकण्याजोगे कोणते, ते वेगळे करा.